घर पाहायचे तर भरपावसात

मुंबईत घर शोधण्याचा हंगाम ठरलेला आहे. दसऱ्याला चौकशी सुरू होते, दिवाळीत जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरतात, गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला टोकन दिले जाते आणि शाळा जूनमध्ये उघडत असल्याने मेच्या अखेरीस सामानाचा ट्रक दारात लागतो. पितृपक्ष तर टाळलाच जातो, चातुर्मासात नव्या घराचा विषय नको म्हणणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यामुळे लातूर, जळगाव, नागपूर किंवा कोल्हापूरहून बदलीवर वा नव्या नोकरीसाठी येणारे कुटुंब मुंबईतल्या वस्त्या पाहते ते ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत. या काळात नाले कोरडे असतात, सखल रस्ते इतर रस्त्यांसारखेच दिसतात आणि खाडीकाठची इमारत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वाटते. आयुष्यभराची पुंजी किंवा वीस वर्षांचे कर्ज ज्या जागेत घालायचे, ती जागा जूनपासून सप्टेंबरपर्यंत कशी असते हे न पाहताच व्यवहार पुरा होतो. समुद्राकाठच्या शहरात वस्तीची पाहणी भर पावसाळ्यात आणि भरतीच्या वेळी व्हायला हवी, आणि ज्यांना ती करता येत नाही त्यांच्यासाठी त्या जागेच्या पाण्याचा इतिहास कराराच्या कागदांत लिहिलेला असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. यातली पहिली गोष्ट घर घेणाऱ्याच्या हातात आहे. दुसरी सरकारच्या हातात आहे आणि ती टाळण्याजोगे एकही कारण मला दिसत नाही.

‘मुंबईत पाणी तुंबते’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडते की त्याचा उपयोगच उरलेला नाही. संपूर्ण शहराबद्दलचे विधान घर शोधणाऱ्याला काहीच सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरातल्या कुलाबा वेधशाळेची नोंद होती सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणे एकाच महापालिकेच्या हद्दीत आहेत, आणि तरी एकीकडे कुर्ला, कलिना, साकीनाका या पट्ट्यात माणसे मृत्युमुखी पडत होती, तर दक्षिण टोकाला अनेकांना काही भयंकर घडते आहे याचा पत्ताही नव्हता. राज्यभरात त्या पावसाने हजाराहून अधिक बळी घेतले. हे टोकाचे उदाहरण झाले. परंतु लहान प्रमाणात हेच दर पावसाळ्यात घडते. हिंदमाता, शीवचे गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे, चुनाभट्टी ही नावे वर्षानुवर्षे बातम्यांत येतात. पण त्यांच्यापासून चार-पाचशे मीटरवर असलेल्या, थोड्या उंच जमिनीवरच्या गल्लीत गुडघाभर पाणी कधीच चढत नाही. म्हणून शहर किंवा उपनगर निवडून भागत नाही, गल्ली निवडावी लागते. आणि गल्ल्यांचा हा फरक फेब्रुवारीच्या रविवारी सकाळी दिसत नाही.

असे का होते, याचे उत्तर जमिनीत आणि चंद्रात आहे. आजचे मुंबई शहर म्हणजे सात बेटांमधल्या खाड्या आणि खाजणे भरून केलेली सलग जमीन. अठराव्या शतकात वरळीजवळचा बांध घातला गेला आणि बेटांमधल्या सखल भागात शिरणारे भरतीचे पाणी अडले. पुढे शीवचा आणि माहीमचा बांधरस्ता आला आणि बेटे साष्टीला जोडली गेली. उपनगरांत हीच प्रक्रिया फार अलीकडची आहे. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या मुखालगतच्या दलदलीवर भराव घालून उभे राहिले. अंधेरीतल्या लोखंडवाला परिसरात ऐंशीच्या दशकात वसाहत उभी राहू लागली तेव्हा तिथे दलदल आणि तिवरे होती. मालाडच्या माइंडस्पेस संकुलाखाली एकेकाळी कचराभूमी होती. जमीन भरली तरी पाण्याचा उतार बदलत नाही. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच येते. त्यात भर पडते भरतीची. शहरातले पावसाचे पाणी ज्या मुखांतून समुद्रात किंवा खाडीत जाते, त्यांतली बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आली की बाहेर जाणारे पाणी थबकते, आणि जिथे झडपा नसतील तिथे समुद्राचे पाणी उलट आत शिरते. जुनी गटारव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. १९८५ च्या पुरानंतर ही क्षमता ५० मिलिमीटर करण्याची योजना आखली गेली, १९९३ मध्ये तिचा अहवाल आला, पण तिला खरा जोर आला तो २००५ च्या प्रलयानंतर. त्या २६ जुलैलाही दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती आणि मुसळधार पाऊस नेमका त्या वेळेला येऊन मिळाला.

हे गणित समजले की पाहणी कशी करावी हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार याचे वेळापत्रक महापालिका दर वर्षी आधीच जाहीर करते. बहुतेक दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे असतात. त्यांतल्या एखाद्या दिवशी, पाऊस चांगला लागलेला असताना, भरतीच्या तासभर आधी त्या वस्तीत जाऊन उभे राहावे आणि ती ओसरेपर्यंत थांबावे. नमुना सदनिका पाहण्यात घालवलेल्या दहा रविवारांपेक्षा हे तीन तास अधिक सांगतात. ज्यांना जुलैत येणे शक्य नाही त्यांनी कोरड्या दिवसांतही पाण्याच्या खुणा शोधाव्यात, कारण त्या लपत नाहीत. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावरचे विजेचे मीटर डोक्याच्या उंचीवर नेलेले असतात. किराणा दुकानदार खालची फळी रिकामी ठेवतो किंवा तिच्यावर फक्त प्लास्टिकचे डबे मांडतो. पिठाच्या गिरणीची मोटर चौथऱ्यावर चढवलेली असते. दारांपुढे वीटभर उंच, नव्याने घातलेले उंबरे दिसतात; भिंतीवर रंगाचा हात फिरला तरी मिठाची पांढरट फुगी एका ठरावीक रेषेपर्यंत पुन्हा उमटते. रस्त्यावर डांबराचे थरावर थर पडून तो आवारापेक्षा वर गेला असेल, तर रस्त्यावरचे पाणी कुठे उतरणार हे उघड आहे. दलालाला विचारण्याऐवजी औषधाच्या दुकानात, रिक्षाच्या थांब्यावर विचारावे, आणि ‘पाणी भरते का’ एवढेच न विचारता ‘पाणी भरते तेव्हा तुम्ही कुठल्या रस्त्याने जात नाही’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळीकडे ‘थोडेफार भरते’ असेच उत्तर मिळते, दुसऱ्याला रस्त्यांची नावे मिळतात.

घर कोरडे राहिले म्हणजे झाले, असेही नाही. माणूस घरात राहतो तसा घर ते स्थानक, स्थानक ते कचेरी, घर ते शाळा आणि घर ते रुग्णालय या वाटांवरही राहतो. दहाव्या मजल्यावरच्या सदनिकेत पाणी येणार नाही, पण इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप आणि विजेची खोली तळघरात असेल तर दहावा मजला त्या दिवशी बेटासारखा तुटतो. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन राहायला येणाऱ्यांनी तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. आणि पाण्याइतकीच हवाही पाहावी लागते. माहुलचे उदाहरण या शहराने विसरू नये. तानसा जलवाहिनीलगतच्या आणि इतर प्रकल्पांतल्या झोपड्या पाडून हजारो लोकांना माहुलच्या वसाहतीत पक्की घरे देण्यात आली. कागदावर सगळे ठीक होते. भिंती होत्या, नळ होते, ताबापत्र होते. पण वसाहत तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांना लागून होती. तिथल्या हवेबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच गंभीर निष्कर्ष नोंदवले होते. तरीही लोकांना तिथे पाठवणे सुरू राहिले, रहिवासी आजारी पडले, लढले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांवर माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर मिळेपर्यंत त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे. घर आणि वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माहुलच्या रहिवाशांनी आपल्या फुप्फुसांची किंमत देऊन सिद्ध केले. त्यांना निवडीचा हक्कच नव्हता. ज्यांना तो आहे, त्यांनी तो डोळे उघडे ठेवून वापरावा.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे सगळे स्थानिकांना माहीत असतेच, चार ओळखीच्यांना विचारले की कळते. पण हा आक्षेप ज्याला ओळखी आहेत त्याचाच आहे. गिरणगावात तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला परळच्या कुठल्या गल्लीत किती पाणी येते हे तोंडपाठ असते. गोंदियाहून आलेल्या शिक्षिकेला किंवा नांदेडहून आलेल्या तरुण अभियंत्याला ते कोण सांगणार? घर विकणारा सांगणार नाही, कारण त्याचे नुकसान आहे. दलाल सांगणार नाही, कारण त्याची दलाली आहे. सोसायटीतले शेजारीही संकोचतात, कारण इमारतीचे नाव खराब झाले तर त्यांच्याही घराचा भाव उतरतो. बँकेचा वकील मालकीहक्काचे कागद तपासतो, मूल्यांकन करणारा बांधकाम पाहतो. माहिती सगळ्यांकडे आहे आणि ज्याला ती सर्वांत जास्त हवी आहे त्यालाच ती मिळत नाही. अशा वेळी ‘ग्राहकाने सावध असावे’ एवढे म्हणून थांबणे हा अन्याय आहे, आणि इथे सरकारची जबाबदारी सुरू होते.

ही माहिती सरकारला नव्याने गोळा करायची आहे असेही नाही. पाणी साचण्याच्या ठिकाणांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी करते आणि त्यानुसार पंप बसवते. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून मुंबईसाठी पुराची पूर्वसूचना देणारी ‘आयफ्लोज’ ही प्रणाली सुरू केली. शहराच्या कोणत्या भागात किती पाणी चढेल याचा अंदाज देण्यासाठीच ती उभारली आहे. नद्यांकाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पुणे, सांगली, कोल्हापूरच्या वाचकांना या रेषा चांगल्या परिचयाच्या आहेत. किनाऱ्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने धोकारेषा आखली आहे, मात्र २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरतीच ठेवली. आणि सर्वांत बोलके उदाहरण रेडी रेकनरचे. शहराचे लहान-लहान विभाग पाडून प्रत्येक विभागात चौरस मीटरला काय भाव धरायचा हे राज्य सरकार तक्त्यांनी ठरवते आणि त्यावर मुद्रांक शुल्क वसूल करते. मुंबईत ते घराच्या किमतीच्या साधारण ६ टक्के पडते. ज्या शासनाला एखाद्या गल्लीतल्या जमिनीचा भाव ठाऊक आहे, त्याला त्या गल्लीत पावसाळ्यात किती पाणी चढते हे सांगता येत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. स्थावर संपदा कायदा आला आणि २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मालकी, मंजुऱ्या, आराखडे, ताब्याची तारीख हे सगळे पाहता येऊ लागले. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने ती फार मोठी सुधारणा आहे. त्याच पानावर त्या भूखंडाची पूररेषेतली, धोकारेषेतली आणि पाणी साचण्याच्या यादीतली जागा दाखवणारा एक रकाना हवा. जुन्या घरांच्या विक्रीत आणि लीव्ह अँड लायसन्सच्या करारातही तीच नोंद सक्तीची हवी, कारण भाड्याने राहणाऱ्याचे सामानही तितकेच भिजते.

जपानने हे केले आहे. तिथे घर विकताना किंवा भाड्याने देताना दलालाने महत्त्वाच्या बाबी समजावून सांगणे कायद्यानेच बंधनकारक आहे. २०१८ च्या जुलैत पश्चिम जपानमध्ये आलेल्या पुरात माबी या गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जो भाग बुडाला तो धोक्याच्या सरकारी नकाशावर आधीपासूनच जवळपास तसाच रंगवलेला होता. नकाशा होता, पण तो लोकांपर्यंत पोहोचला नव्हता. ऑगस्ट २०२० पासून जपानमध्ये दलालाला ग्राहकासमोर पूरधोक्याचा नकाशा ठेवून ‘हे घर इथे आहे’ असे दाखवावे लागते. यासाठी ना कोणता महागडा प्रकल्प लागला, ना नवी यंत्रणा. माहिती कपाटातून काढून टेबलावर ठेवण्याचा नियम तेवढा केला गेला.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप किमतींचा आहे. अशी नोंद झाली तर सखल भागातल्या घरांचे भाव पडतील, आणि तिथे राहणारा बहुधा श्रीमंत नसतो. आयुष्यभर हप्ते भरून घेतलेले त्याचे एकमेव घर एका सरकारी रकान्यामुळे स्वस्त होईल. हे नुकसान खरे आहे आणि ते उडवून लावता येणार नाही. पण आज तो तोटा नाहीसा झालेला नाही, तो फक्त पुढच्या अजाण माणसाच्या गळ्यात घातला जातो, आणि तो माणूसही बहुधा तितकाच साधा, तितकाच कर्जबाजारी असतो. शिवाय नोंद एकदा केली की ती कायमची कोरली असे असू नये. तिच्यात दुसरी बाजूही हवी: या भागासाठी कोणते पंपिंग स्टेशन झाले, कोणता नाला रुंद झाला, त्यानंतरच्या पावसाळ्यांत पाणी किती तास राहिले. काम झाले की नोंद सुधारेल आणि भावही सावरेल. आज पाणी भरणाऱ्या वस्तीतले घरमालक गप्प बसतात, कारण बोलले तर भाव पडतो. माहिती उघड झाल्यावर गप्प बसण्यात फायदा उरणार नाही. मग तेच घरमालक नगरसेवकाच्या दारात उभे राहून काम मागतील.

काही जण म्हणतात की पंपिंग स्टेशने आणि भूमिगत टाक्या झाल्यावर हा प्रश्नच राहणार नाही. हाजी अली, लव्हग्रोव्ह, ईर्ला, ब्रिटानिया, क्लीव्हलँड बंदर, गझदरबंध इथली केंद्रे उभी राहिल्यावर त्या त्या भागांना दिलासा मिळाला, हिंदमातासाठी जमिनीखाली बांधलेल्या टाक्यांनीही पाणी लवकर ओसरू लागले. या कामांचे मोल मोठे आहे. पण पाऊसही बदलतो आहे. ५ ऑगस्ट २०२० रोजी दक्षिण मुंबईत, जिथे पाणी साचणे लोकांच्या सवयीचे नव्हते अशा भागांत, रस्ते पाण्याखाली गेले. कुलाब्याची त्या चोवीस तासांतली नोंद ३३० मिलिमीटरच्या वर होती. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत विक्रमी लवकर दाखल झाला आणि वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक, सुरू होऊन पुरता महिनाही झाला नसताना, पाण्याने भरले. नवे बांधकाम म्हणजे सुरक्षित बांधकाम, हा समज त्या एका दिवसाने खोटा ठरवला. कालची नोंद उद्याची हमी देत नाही हे मान्य. म्हणूनच ती नोंद दर वर्षी अद्ययावत व्हायला हवी.

उरतो तो मध्यमवर्गाचा रोजचा प्रश्न: निवड आहे कुठे? पगार जिथे परवडतो तिथे घर, मग ते बदलापूर असो की नालासोपारा. हे वास्तव मोठे कठोर आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ शेकडो प्रवाशांसह अडकली, तेव्हा त्याच नदीकाठच्या वसाहतींत स्वस्त घर म्हणून आलेली कुटुंबे होती. पण ज्याचे बजेट तुटपुंजे आहे त्यालाच ही माहिती सर्वांत जास्त उपयोगी आहे. त्याच उपनगरात, त्याच किमतीत दुसरी गल्ली मिळू शकते. तळमजल्याऐवजी दुसरा मजला घेता येतो. घर तेच घ्यायचे ठरले तरी भावात घासाघीस करता येते, विमा काढता येतो, दुचाकी कुठे लावायची आणि धान्याचा डबा किती उंच ठेवायचा हे आधी ठरवता येते. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घर विकत घेण्याआधी त्याच वस्तीत एक पूर्ण पावसाळा भाड्याने काढावा. अकरा महिन्यांचा करार जूनच्या आधी सुरू केला की चारही महिने त्यात येतात. वर्षभराचे भाडे फुकट गेले असे तेव्हा वाटेल, पण वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे ती रक्कम फार लहान आहे.